गेडिंग्टनचा विसावा

गेल्या रविवारी बाबांना घेऊन बर्मिंगहॅमहून गेडिंग्टनला गेले होते. दगडी घरांचं छोटंसं गाव, दुपार झाली तरी न उठलेलं धुकं... आणि रस्ते मिळतात तिथे मधोमध एक उंच, निमुळता दगडी मनोरा. अंगभर फुलापानांची नक्षी.

बाबा साताऱ्याचे. 'जुना टॉवर बघायला जाऊ' म्हटल्यावर त्यांनी किल्लाच असणार असं धरलं होतं, चांगले ट्रेकिंगचे बूट घालून, खांद्याला झोळी अडकवून निघाले! मनोऱ्याला चक्कर मारून म्हणाले, "दीपमाळ दिसतेय. पण दिवे कुठे लावतात गं?"

मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

मागच्या वर्षी आई-बाबा दोघं माझ्याकडे आलेले असताना आई गेली. इथल्या पद्धतीप्रमाणे काळ्या गाडीतून थेट क्रिमेटोरियमला... आमच्या गावी तिरडी अर्ध्या वाटेवर खाली टेकवतात, खांदेकरी बाजू बदलतात आणि मग पुढे निघतात. त्याला विसावा म्हणतात. "तिला वाटेत क्षणभर टेकवलंसुद्धा नाही गं," एवढंच बाबा अधूनमधून म्हणायचे.

तिथे कुत्र्याला फिरवायला आलेल्या एक आजी भेटल्या. त्या मनोऱ्याची गोष्ट सांगत होत्या आणि मी ती मराठीत बाबांना.

सातशे वर्षांपूर्वी इथली राणी लंडनपासून लांब, प्रवासात वारली. राजाने तिला लंडनला नेलं. वाटेत जिथे जिथे रात्री तिचा देह ठेवला, त्या प्रत्येक गावी त्याने मागाहून असं एक दगडी स्मारक उभारलं. आता त्यातली तीनच उरलीत... वरच्या कोनाड्यांतल्या मूर्ती त्या राणीच्याच.

बाबा कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "प्रत्येक मुक्कामाला?"

"हो बाबा."

"म्हणजे हा विसावा आहे."

ते हळूच पायरीवर बसले. शेजारची ओली जागा रुमालाने पुसली, तिच्यावर हात ठेवला आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "सुमन, टेक गं जरा. दमली असशील."

सुमन म्हणजे माझी आई. मला रडू आवरेना. आजींना काय कळलं कोण जाणे, त्या कुत्र्याला घेऊन बाजूला झाल्या. धुक्यात सगळं गाव जागच्या जागी थांबल्यासारखं वाटत होतं...

थोड्या वेळाने बाबा उठले. झोळी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "चल, निघू."

येताना गाडीत ते आईबद्दल बोलत होते. तिच्या हातच्या बिघडलेल्या पहिल्या पुरणपोळीपासून सगळं... मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला.

त्या राजाचे आभार कसे मानायचे, माहीत नाही. आपल्या बायकोसाठी त्याने राखलेल्या जागेत माझ्या आईलाही थोडं टेकता आलं.