मनात आलं की निघायचं

आमच्या घरात अचानक सहलीला निघणं हा नवऱ्याचा हक्क आहे. रविवारी सकाळी त्याला लहर येते, गाडीची किल्ली बोटात फिरवत तो म्हणतो, "चला." मित्रांतही मिरवतो, की आमचं काही ठरलेलं नसतं, मनात आलं की निघायचं. कसं निघायचं ते मला विचारा. थालीपीठं लावायची, शेंगदाण्याची चटणी, दही, चहाचा थर्मास, सतरंजी, त्याच्या पित्ताच्या गोळ्या. तोवर हा गाडीत बसून विचारणार, झालं की नाही अजून?

मढे घाटाला मी अशी कितीदा तरी गेले आहे आणि दरवेळी मला फक्त सतरंजी दिसली. ती उडू नये म्हणून कडेला दगड ठेवायचे, वाढायचं, उष्टं आवरायचं, की निघायची वेळ. बाकीचे कड्यावर जाऊन येतात आणि मला मोबाईलवर धबधबा दाखवतात.

गेल्या भाद्रपदात तो असाच "चला" म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. आठवडाभर भोरच्या बँकेत खिडकीशी बसणारी बाई मी, मन काय यालाच आहे? चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. मागे सासूबाई होत्या. डब्याची पिशवी कुठंय, असं त्यांनी विचारलं. डबा केलाच नाही म्हटल्यावर त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. बाईमाणसाने रिकाम्या हाताने गाडीत बसायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

कापूरहोळला नवऱ्याने पाणी मागितलं, नसरापुरात टॉवेल. मी खिडकीतून भाताची खाचरं बघत होते. शेवटी वेल्ह्यात उतरून त्याने वेफर्स आणले, पाणी आणायचं विसरला आणि घरात कुणाचं लक्ष नसतं, असं वर मलाच ऐकवलं. इतका संताप आला की केळदपर्यंत मी वेफर्सच्या पुड्याला हात लावला नाही.

घाटावर गाडी थांबली तशी मी सरळ कड्याकडे चालू लागले. सोनकीच्या फुलांनी माळ पिवळा झाला होता. खालून ढग वर येत होते, मध्येच विरत होते, आणि तळाशी कोकणातली गर्द झाडी दिसत होती. मी तिथेच बसले. इतकी वर्षं हे सगळं हाकेच्या अंतरावर होतं आणि मी चटणी वाढत होते!

मागून सासूबाई आल्या, गुडघ्यांवर हात देत. मला वाटलं, बोलावणं आलं. पण त्या शेजारी टेकल्या आणि बराच वेळ खाली बघत राहिल्या.

"लगीन झाल्यापासनं येतीया म्या हितं," त्या म्हणाल्या. "ह्ये एवडं खोल हाय, आज बगितलं."

माझा राग विझत आला होता, तो त्यांच्यासाठी पुन्हा पेटला. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. भूक लागली असणार. मी सवयीने उठायला गेले, तर सासूबाईंनी हात धरून मला खाली बसवलं.

"वाजू दे," त्या म्हणाल्या.