गिरजा मॅडमचा एका पोराचा वर्ग

गिरजा मॅडम रोज हजेरी घ्यायच्या. एकट्या माझी.

"सागर?"

"येस मॅडम."

मग त्या बुक मिटून दाराकडं बघत थोडा वेळ थांबायच्या, कुणी उशिरा येणारं असेल तर. येणारं कोण? बी.एस्सी. गणिताला आम्ही तिघंच होतो. चंद्रा दिवाळीनंतर दांडेलीला कामाला लागला. सोनिया म्हणाली हे माझ्या डोक्यात शिरत न्हाई, आणि उठून बी.ए.ला जाऊन बसली. पलीकडच्याच खोलीत. तिकडनं दिवसभर हसण्याखिदळण्याचा आवाज यायचा आणि हिकडं मी, मॅडम आणि रिकामे बेंच.

एक बाई आणि एक पोरगा एका खोलीत, म्हणून मॅडम दार सताड उघडं ठेवायच्या. दाराबाहेर शिपाई येसाजीमामा स्टूल टाकून बसायचे. तोंड गप्प ठेवणं त्यांच्या नशिबात न्हाई.

"मॅडम, आज वर्ग फुल्ल दिसतोय. जादा बेंच आणू काय?"

"आणा की मामा. तुम्हीच बसा त्याच्यावर."

"नको गो बाई, मला अजून जगायचं हाय."

मॅडम हसायच्या, पण जरासंच. मग फळ्याकडं वळायच्या आणि जणू पन्नास जण बसल्यात अशा मोठ्या आवाजात शिकवायच्या. मला आधी लाज वाटायची. मी पहिल्या बेंचवर, एवढं ओरडून कशाला? नंतर कळलं, आवाज लहान केला असता तर खोली किती रिकामी हाय ते ऐकू आलं असतं.

मॅडम बाजारकुणंगच्या आत जंगलात एक वाडी हाय तिथल्या, कुणबी घरातल्या. घरात कोकणी, शाळेत कन्नड, आमच्याशी मराठी आणि गणित इंग्लिशमधनं. धारवाडला एम.एस्सी. झाल्या. वाडीतनं तेवढं शिकलेल्या त्या पहिल्या, आणि अजून तरी शेवटच्या. हॉस्टेलच्या पोरी विचारायच्या, तुमच्याकडं वाघ घरात येतो काय गं? या म्हणायच्या, येतो, चहा घेऊन जातो. एम.एस्सी. करून परत आल्या, आई एकटी पडली म्हणून. भाऊ लाडूदादा हाय घरात, पण लाडूदादा म्हणजे बोलणारा माणूस न्हवे. गेस्ट लेक्चरर म्हणून आमच्या कॉलेजात लागल्या, आणि लग्न राहूनच गेलं. राहिलं म्हणजे राहिलं, त्यावर त्या कधी बोलल्या न्हाईत, मी बी विचारलं न्हाई.

मी रामनगरचा. पप्पांचं गोवा रोडला टायरचं दुकान हाय.

तर ते इंटिग्रेशन. रूटच्या आत नऊ वजा एक्स स्क्वेअर. हे बघितलं की मी पान उलटायचो. काय बी करा, रूट हलत न्हाई. मॅडमनी सांगितलं, याला समोरनं धडक मारायची न्हाई. एक्सच्या जागी तीन साइन थीटा ठेव. ठेवलं. आत नऊ वजा नऊ साइन स्क्वेअर थीटा, म्हणजे नऊ कॉस स्क्वेअर थीटा, आणि रूट गायब! बाहेर नुसतं तीन कॉस थीटा. मी बेंचवरनं उठलोच की. "मॅडम ही तर जादू हाय ओ!"

"खाली बस. अजून निम्मंच झालंय."

पण मला निम्म्यात लई आनंद झालेला. पुढचं भराभर सोडवलं आणि थीटामध्ये उत्तर लिहून खाली दोन रेघा मारल्या. मॅडमनी दोन मार्क कापले.

"का ओ मॅडम? उत्तर बरोबर हाय की."

"प्रश्न कशात विचारला?"

"एक्समध्ये."

"मग थीटा कुठला पाव्हणा? विचारणाऱ्याला थीटा ठाऊकच न्हाई. त्याला त्याच्या भाषेत उत्तर दे."

आणि मी प्रत्येक वेळी तेच विसरायचो. शेवटी एक दिवस त्यांनी येसाजीमामांची पेरू पाडायची काठी मागून आणली आणि व्हरांड्यातल्या भिंतीला तिरकी टेकवली. ही काठी तीन, म्हणाल्या. काठीचा पाय भिंतीपासनं एक्स लांब. मग काठी भिंतीवर किती चढली? पायथागोरस लाव. लावलं. रूटमध्ये नऊ वजा एक्स स्क्वेअर! तोच आपला रूट, भिंतीवर! वर काठी आणि भिंतीच्या मधला कोन म्हणजे थीटा. साइन थीटा म्हणजे एक्स भागिले तीन, कॉस थीटा म्हणजे भिंतीवरची उंची भागिले तीन. सगळं त्या त्रिकोणात दिसतंय, उत्तर नुसतं वाचून घ्यायचं.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं मॅडम?"

"कुणी न्हाई," म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं सांगितलं. बी.एस्सी.ला असताना आई आजारी पडली, त्या महिनाभर घरी, तोवर वर्ग पुढं गेला. भाताला वांदरं येतात म्हणून दिवसभर राखण करायला शेतात बसायच्या, पुस्तक मांडीवर. रोज तेच गणित, रोज अडायचं. आणि एका दुपारी आलं. सरळ एक्समध्ये. या उठून धावत घरी, "आई, सुटलं!" आईला वाटलं रेडा सुटला, तिनं कोयता टाकला आणि "खंय गेलो?" करत गोठ्याकडं पळाली.

मी हसून हसून लोळलो. मॅडम बी हसल्या. मग म्हणाल्या, "मी बी गेले तिच्याबरोबर रेडा बघायला. बांधलेलाच होता." आणि फळा पुसत पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्याच्यानंतर मी घरात गणिताचं काय बोलले न्हाई."

मी त्रिकोण काढत बसलो.

सेमिस्टर संपत आलं तसं प्रिन्सिपॉल सरांनी बोलवून सांगितलं, पुढच्या वेळी एक तरी पोरगं असलं तर गणित चालवू, न्हाईतर बंद. एक पोरगं म्हणजे मीच. मॅडमकडं दुसरा कुठला विषय न्हाई, दुसरा वर्ग न्हाई. मी असलो तर मॅडम, मी न्हाई तर त्या बी न्हाईत.

आणि नेमकं तेव्हाच पप्पांच्या डोक्यात बेळगाव शिरलं. तिथं माझा मामा हाय, मोठं कॉलेज हाय, वर्गात सत्तर पोरं.

"एका पोराच्या वर्गात शिकून काय होणार रे?" पप्पा म्हणाले. "पयला बी तूच, नापास बी तूच. बेळगावला जा, माणसांत शिक."

मी जेवता जेवता ताट सारलं आणि उठलो. न्हाई जाणार म्हणजे न्हाई जाणार. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी उठलो, काय विचार न्हाई, काय न्हाई, बाजारकुणंगची गाडी पकडली. मॅडमना सांगायचंच, आजच सांगायचं. उतरून जंगलातनं चालत गेलो, दोनदा वाट चुकलो.

अंगणात लाडूदादा बांबू तासत बसलेले. मला बघून कोयती थांबली.

"फॉरेस्ट ऑफिसातनं आलास?"

"न्हाई ओ दादा, कॉलेजातनं."

"कॉलेजातनं?" ते अजूनच घाबरले. "गिरजानं काय केलं?"

तेवढ्यात मॅडम गोठ्यातनं बाहेर आल्या. साडी वर खोचलेली, हातात शेणाची पाटी. मला बघून पाटी कुठं ठेवू असं झालं त्यांना. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. न सांगता कशाला आलो मी? पण मॅडमच्या आईनं बसवलं, उकडलेली कणगं समोर ठेवली, जमिनीतले कंद असतात ते, मीठ लावून. आणि माझ्यासमोर बसून विचारलं, "किदें शिकयता रे ती थंय?" काय शिकवते ती तिथं? एवढी वर्षं झाली आणि हे तिनं पहिल्यांदा विचारलं असावं, तेबी मला.

मी काय सांगणार? इंटिग्रेशन म्हणू? लाडूदादांच्या समोरचाच एक बांबू उचलला, घराच्या भिंतीला टेकवला आणि सुरू झालो. हा बांबू तीन हात. पाय भिंतीपासनं असा लांब. वर किती चढला ते काढायचं. मी बोलतोय, हात हलवतोय, आई बांबूकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघत्या.

लाडूदादा म्हणाले, "त्यात शिकायचं काय? पाय जास्ती लांब सरला की पडणार बांबू."

मॅडम एकदम पुढं आल्या. "तेच! तीनच्या पुढं एक्स गेला की रूटच्या आत मायनस येतं, रूट निघतच न्हाई. बांबू पडतो!"

"मग मी काय वेगळं सांगितलं?" लाडूदादा.

आणि मॅडम हसत सुटल्या. खाली बसल्या, बांबूचा पाय स्वतः सरकवत भावाला कोकणीत सांगायला लागल्या, हे असं आलं की कोन एवढा, असं झालं की तेवढा. मला निम्मं कळलं, निम्मं न्हाई. लाडूदादांना किती कळलं देव जाणे, पण मान हलवत होते. मॅडमचा तो मोठा आवाज न्हवताच. साध्या आवाजात, आपल्या भाषेत, न थांबता.

आई माझ्याकडं वळून म्हणाली, हिला एवढं बोलताना मी बघितलं न्हाई.

आणि मला राहवलं न्हाई. "मॅडम, मी बेळगावला जाणार न्हाई. पप्पांना सांगितलंय. वर्ग चालू राहणार!"

मॅडमनी बांबू हळूच आडवा ठेवला.

गाडीपर्यंत सोडायला आल्या. वाटेत विचारलं, "कधी ठरवलंस?"

"काल रात्री. म्हणजे, जेवताना."

"माझ्यासाठी थांबतोयस?"

"व्हय मॅडम."

"मग मी तुला काय शिकवलं रे?" रागात न्हवत्या, दमल्यासारख्या वाटल्या. "हे बघ. हितं तुला सांगणारी मी एकटी. माझं चुकलं तर तुला कळणार न्हाई, मलाबी कळणार न्हाई. मी एकटी शिकले ना, बरोबर आलं तरी धाकधूक असायची, कुठंतरी चुकलं असेल आणि सांगणारं कुणी न्हाई. अजून असते. तिथं सत्तर जण हायत. कुणीतरी म्हणू दे, सागर, हे चुकलं. ते पायजे तुला."

"आणि तुमचं मॅडम?"

"गाडी आली बघ."

खिडकीतनं बघितलं तर त्या वाटेला लागल्या पण होत्या, मागं वळल्या न्हाईत. मी रामनगरपर्यंत रडत आलो. शेजारी उळवीच्या देवाला जाऊन आलेली एक म्हातारी होती, तिला वाटलं माझं कुणी गेलं, प्रसादाचं खोबरं दिलं हातावर.

सोमवारी प्रिन्सिपॉल सरांकडं माझ्या टी.सी.चं मॅडमनीच सांगितलं. शेवटच्या तासाला बी हजेरी घेतली, दाराकडं बघून थांबल्या, शिकवलं, बेल झाल्यावर "चल," म्हणाल्या. येसाजीमामांनी दाराबाहेरचं स्टूल उचलून आत ठेवलं. वर्ग बंद झाला. मॅडम आता वाडीवरच असतात.

बेळगावला सत्तर न्हाईत, त्र्याहत्तर हायत. सर भराभर शिकवतात, स्क्रीनवर, एक पान जाऊन दुसरं येतं. पोरं चांगली हायत, वाईट न्हाईत, पण त्यांचे त्यांचे ग्रुप दहावीपासनं ठरलेले. मी मधल्या बेंचवर बसतो आणि माझ्या दोन्ही बाजूला बॅगा. हजेरी बोटाच्या ठशावर. नाव कुणी घेत न्हाई.

त्या दिवशी रूटमध्ये एक्स स्क्वेअर अधिक चार आलं. मी एक्स म्हणजे दोन टॅन थीटा धरलं आणि सोडवलं. बॅगेपलीकडच्याला वही दाखवली, "बघ की, बरोबर हाय काय?" त्यानं बघितलं, "असेल रे," म्हणाला आणि मोबाईल काढला. पुढच्या बेंचवरच्याला दाखवली. तो म्हणाला, "भारी." सरांना दाखवायला गेलो, सर बाहेर पडलेले.

फोटो काढून मॅडमना पाठवला. एक टिक. वाडीवर रेंज न्हाई, त्या बाजाराला खाली उतरल्या तरच फोन लागतो. मी रोज बघायचो. एक टिक. पुढचं गणित पाठवलं, त्याच्या पुढचं पाठवलं, वर्गात काय झालं ते पाठवलं, मेसमधली भाजी कसली ते बी पाठवलं. सगळ्याला एक टिक.

परवा तासाला बसलेलो आणि फोन थरथरला. सगळ्या टिका एकदम दोन झाल्या, मग निळ्या. मग त्यांचं आलं:

"पहिलं गणित चुकलं. एक्स बदललास, डीएक्स तसाच ठेवलास. तोबी बदलतो. परत कर. भाजीचं वाचून हसले."

मी वही उघडून बघितलं. तिसऱ्या ओळीत. व्हय, डीएक्स तसाच. ती वही किती जणांनी बघितली होती.

तिथंच, तास चालू असताना परत केलं. शेवटपर्यंत, एक्समध्ये. फोटो काढून लगेच पाठवला, त्या अजून बाजारातच असतील म्हणून.

एक टिक.