तक्त्यात सर्वांत खाली

भंडाऱ्याच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात टीमचं काम कसं मोजायचं, याची मीटिंग होती. साहेबांनी पडद्यावर तक्ता दाखवला: पंधरा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका टप्प्यात, कोणी किती टास्क संपवले. सर्वांत खाली आमची ताई, ऑफिसातली सर्वांत जुनी इंजिनिअर. ती दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले गुंते सोडवायची. त्याचा रकानाच नव्हता.

"या करतात काय दिवसभर?" साहेबांनी विचारलं.

माझं डोकं तापलं. "सर, चुकीचं मोजून राहिले तुम्ही."

तेवढ्यात तक्त्यात पहिला आलेला लाखांदूरचा इंजिनिअर ताईकडे लॅपटॉप सरकवत कुजबुजला, "ताई, माह्यं अटकलं जी. जरा पाहून द्या ना."

तिनं पाहून दिलं. मीटिंग संपेस्तोवर त्याचा आकडा आणखी एकानं वाढला होता.