एकाच चुकीचे दोन निरोप

आम्ही बनवलेली प्रोग्रॅमिंगची भाषा शिंदेबाई आज माझ्या शेजारी बसून पहिल्यांदा वापरत होत्या. पडद्यावर आलं, ‘या नावाचं काही सापडलं नाही.’ काहीही न बदलता त्यांनी प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर ‘रिकाम्या जागेतून वाचता येत नाही.’ चूक तीच होती. पण तेच काम पुन्हा आलं की प्रोग्रॅम चालवणारं आमचं इंजिन वेळ वाचवायला जवळच्या वाटेनं जातं, आणि तिथला निरोप आमच्यातल्या दुसऱ्याच कुणी लिहिलेला.

“मी आणखी काय बिघडवलं?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

एकाच खोडीवर आई एक बोलली आणि बाबा दुसरंच, की मूल असंच आपला दुसरा गुन्हा शोधत बसतं.

“काही नाही हो, बाई. चुकलंय आमचं.”

तोवर त्यांनी दोन्ही हात कळफलकावरून काढून मांडीवर घेतले होते.