तिसऱ्या खांबावरचा लाल मोजा

दादूस गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामावर भाड्याचे बूट वाळवत होते. दादूस म्हणजे माझा मोठा भाऊ. आमच्या गव्हाण गावात भावाला तसंच म्हणतात, आणि मी त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारली नाही. फोन रोडपालीला आम्ही राहतो तिथल्या शेजारणीचा होता. ती म्हणाली, "ताई, दादा खुर्चीत बसलेत, पण उठत नाहीत... तुम्ही या लवकर." मी विचारलं, "चहा घेतला का त्यांनी?" ती म्हणाली, "कप भरलेलाच आहे." समोर गरम हवेच्या ब्लोअरवर अकरा जोड बूट राहिले होते. ते मी डावा-उजवा बघून मांडणीवर लावले आणि मगच ॲप्रन काढला. आता दीड महिना झाला. तेव्हा मी थांबले कशाला, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

त्याच्या पलटणीतले दोघे जण दिवसकार्याला आले होते. त्यातले एक वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्यावर लिहिणार होते. मला म्हणाले, "ताई, तुम्ही पण चार ओळी द्या." मी चारच दिल्या. त्यांनी छापलं की हा माणूस शेवटच्या सीझनपर्यंत बर्फावर उभा होता. खरं आहे ते. कसा उभा होता ते त्यांनी विचारलं नाही. ते इथे वहीत लिहून ठेवते.

आमचे बाबा गेले तेव्हा दादूस अठरा वर्षांचा होता, मी दहाची. आई अंथरुणाला खिळलेली. त्याच वर्षी तो सैन्यात भरती झाला आणि जायच्या आदल्या दिवशी माझ्या शाळेतल्या बाईंच्या घरी जाऊन सांगून आला की उद्यापासून ही शाळेत येणार नाही. बाई म्हणाल्या, पोरगी चौथीत पहिली आहे. तो म्हणाला, "पयली हाय म्हनून आई काय आपोआप उठनार हाय?" हे मला त्यानेच हसत सांगितलं, घरी येऊन. त्यानंतर बावीस वर्षं मी आईला उचललं, पुसलं, भरवलं. माझं लग्न राहून गेलं. तो तिकडे उत्तरेत बर्फाच्या डोंगरात होता. सैन्याने त्याला स्की शिकवलं होतं. म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं. त्यात तो इतका तरबेज झाला की निवृत्त झाल्यावरही दर डिसेंबरला तिकडे शिकवायला जायचा आणि होळीला उन्हाने तोंड काळं करून परत यायचा. फोटो पाठवायचा. सगळं पांढरं, मधे तो, दात दाखवत. आई फोटो बघायची आणि म्हणायची, "माजा राजा." मी तिची कूस बदलत असायचे.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर डोंगर सुटला. पण हायवेकडच्या मॉलमध्ये बर्फाचा हॉल सुरू झाला आणि त्यात पंचवीस पावलांचा उतार होता. तिथे शिकवणारा हवा होता. तो लागला, आणि पंधरा दिवसांनी मलाही बुटांच्या काउंटरवर लावून घेतलं. दादूस आमच्या मॅनेजरना, परकार सरांना, म्हणाला, "मेरी बहन है. चौथी पास. लेकिन जूते का नंबर पढ लेती है." तेव्हापासून सगळा हॉल मला चौथी म्हणू लागला. घरी तर तो आधीपासून म्हणायचाच. चवथी, चहा टाक. चवथी, ह्या पट्ट्यांना मेण लाव. जुन्या इस्त्रीने मेण वितळवून पट्ट्यांच्या पोटाला लावायचं आणि थंड झालं की खरवडायचं, हे माझं रविवारचं काम. आमच्या घरात कपड्यांना कायम मेणाचा वास यायचा.

आमचा सीझन एप्रिल-मे. बाहेर डांबर पाघळत असतं तेव्हा आत उणे पाच. लोक रांग लावायचे. साडीवर भाड्याचं जॅकेट चढवून आज्या आत जायच्या आणि दोन मिनिटांत "बाई गं, पाय गेले माझे," करत बाहेर यायच्या. प्रत्येक बॅचच्या आधी दादूस उतारावरून एकदा खाली येऊन दाखवायचा. पंचवीसच पावलं, पण त्या पंचवीस पावलांत तो माझा भाऊ नसायचा. गुडघे मऊ, खांदे सैल, आणि खालच्या दोरीच्या कुंपणापाशी आला की असा वळायचा की बर्फ पंख्यासारखा उडायचा. लोक ओरडायचे. मला खूप राग यायचा की हे इतकं सुंदर का आहे...

एकदा, हॉल उघडायच्या आधी, त्याने मलाही पट्ट्या बांधल्या. माझे दोन्ही हात धरून तो उलटा, पाठीमागे घसरत होता आणि मला खाली आणत होता. "गुडघं वाक, चवथी. पायांकरं नको बघू. माज्याकरं बघ." पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या भावाने पहिल्यांदा माझे हात धरले होते. खाली पोहोचल्यावर सोडले आणि म्हणाला, "तुज्यापरीस म्हस बरी."

त्याचे डोळे चालले आहेत हे फक्त मला माहीत होतं. इतक्या वर्षांच्या बर्फाच्या उन्हाने ते भाजले होते. बाहेर रस्त्यावर त्याचं भागायचं, पण हॉलमध्ये जमीन पांढरी, भिंत पांढरी, कुंपण पांढरं, वर निळे दिवे. उतार कुठे संपतो ते त्याला कळेना. लाल रंग मात्र दिसायचा. मग आम्ही एक युक्ती केली. भाड्याच्या मोज्यांतला एक लाल मोजा, ज्याची जोडी हरवली होती, तो मी बॅच सुरू व्हायच्या आधी कुंपणाच्या तिसऱ्या खांबावर चढवायचे. वरून त्याला तो दिसत नसे. अर्ध्या उतारावर आला की लाल ठिपका दिसायचा आणि तिथेच तो वळायचा. कायमचा ठेवता येत नव्हता, मुलं ओढून न्यायची. म्हणून बॅच सुरू झाली की मी तो काढून आणायचे आणि परत ब्लोअरवर वाळत घालायचे. दादूस वर चढून ओरडायचा, "चवथीऽ!" लोकांना वाटायचं, चौथी बॅच. मी जाऊन मोजा लावून यायचे. दोन सीझन असे गेले. परकार सरांना पत्ता लागला नाही. बर्फावर उभं राहायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. ते माझ्या हातात होतं आणि हे तो जाणून होता. म्हणूनच असेल, तो मला जास्तच टोचायचा.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी, परीक्षा संपल्यावर, एका शाळेने मुलं आणली. चौथीचा वर्ग. मी बूट देत होते. दादूस पट्ट्या खांद्यावर घेऊन आला आणि मुलांना म्हणाला, "ही मावशी ओळखता का? तुमच्याच वर्गात आहे. चव्वेचाळीस वर्षं नापास!"

मुलं फुटलीच. एक मुलगी म्हणाली, "खरंच मावशी?" मी पुढचा बूट काढला, मला असं लोकांत बोलता येत नाही. तो म्हणाला, "विचारा तिला, बाराचा पाढा येतो का." त्यांच्या बाई पण हसल्या, पदर तोंडाला लावून. मग सगळी पोरं टाळ्या वाजवत एका सुरात, "ना-पास! ना-पास!" मला बाराचा पाढा येतो. तेव्हाही येत होता, शाळा सुटली तेव्हाही.

तो वर चढला. वरून हाक आली. मोजा ब्लोअरवर होता. मी तो उचलला, ॲप्रनच्या खिशात घातला आणि काचेच्या दाराआड उभी राहिले.

अर्ध्या उतारावर आल्यावर त्याची मान पुढे झाली. तो शोधत होता. मला ते स्पष्ट दिसलं. तो शोधत शोधत सरळ आला, कुंपणाच्या दोरीवरून उलटला आणि पलीकडे रचलेल्या रबरी ट्यूबांच्या ढिगात डोक्यावर आपटला. मुलांना वाटलं हा खेळच आहे. ती आणखी टाळ्या वाजवू लागली. सगळे त्याच्याकडे धावले. मी खांबाकडे धावले. मोजा खिशातून काढला आणि तिसऱ्या खांबावर चढवला.

परकार सरांनी त्याला उठवलं. "काका, या अल्ला, लगी तो नहीं?" मनगट सुजलं होतं, एक हातमोजा कुठेतरी निघून पडला होता. त्याने कुणाचं ऐकलं नाही. कुंपण धरत धरत खांब मोजत आला, तिसऱ्यावर उघडा हात ठेवला. मोजा होता. हात तसाच राहिला बराच वेळ... मग माझ्याकडे तोंड करून हळू विचारलं, "लावला व्हतास?"

मी म्हटलं, "लावला व्हता. तुला दिसला नाय?"

त्याने हात काढला. परकार सरांना म्हणाला, "साहब, मेरी आँख गई. अब मैं नहीं उतरूँगा." स्वतःच्या तोंडाने. कुणी त्याला काढलं नव्हतं.

सीझन अर्धा राहिला होता. परकार सर माणूस वाईट नाहीत. ते म्हणाले, काका घरी बसले तर खचतील. आणि त्यांनी त्याला अस्वलाचा पोशाख दिला. पांढरं अस्वल, लोकांनी सोबत फोटो काढायचे. रोज सकाळी त्याच्या पाठीची चेन मी लावायचे. अस्वलाच्या तोंडातल्या जाळीतून बघायचं असतं, त्याला त्यातून काहीच दिसत नसे. मी त्याचा पंजा धरून आत नेऊन उभं करायचे. मुलं त्याच्या पोटात बुक्के मारायची, एकाने शेपूट उपटली. पालक म्हणायचे, "मार बेटा, अजून जोरात, व्हिडिओ घेते." तो हात वर करून डोलायचा. ज्या उतारावर तो पंख्यासारखा बर्फ उडवायचा, त्याच्याच पायथ्याशी.

मी सांगू शकले असते. रोज चेन लावताना तोंडापर्यंत यायचं की दादूस, मोजा खिशात होता, तुझे डोळे अजून आहेत. पण पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो मला सुमन म्हणू लागला होता. सुमन, चेन लाव. सुमन, पाणी दे. आई गेल्यापासून माझ्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. खरं सांगितलं असतं तर तो परत पट्ट्या बांधून वर गेला असता, आणि वरून ओरडला असता, "चवथीऽ!" ... मी चेन वर ओढायचे आणि त्याचं अस्वलाचं डोकं नीट बसवायचे.

मेमध्ये परकार सरांनी त्याला पनवेलच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. आल्यावर तो बाल्कनीच्या खुर्चीत बसला. मी भाजी निवडत होते. म्हणाला, "डॉक्टरनी लाल न् हिरवा चौकोन दाकवला. लाल दिसला मना. चांगला दिसला." मी देठ मोडत राहिले. तो म्हणाला, "मग तुजा मोजा कसा नाय दिसला गो?"

मी मान वर न करता म्हटलं, "त्याचा लाल मोठा असंल."

त्याने तोंड माझ्या दिशेने केलं. मग म्हणाला, "असंल, सुमन."

शाळा सुरू झाल्या, गर्दी ओसरली, अस्वल पेटीत गेलं. त्याच आठवड्यात तो त्या खुर्चीत गेला, भरलेला कप तसाच ठेवून.

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर परत गेले. शिकवायला आता हिमाचलची एक मुलगी आली आहे, धीट आणि गोड. तिचे डोळे घारीचे. मोजा माझ्या खिशातच होता. गेल्या सोमवारी सकाळी कुणी नसताना मी तो ब्लोअरवर गरम केला आणि जाऊन तिसऱ्या खांबावर चढवला. दादूस वर चढायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढा वेळ थांबले. खाली यायला लागायचा तेवढा थांबले. मग हातमोजा काढला आणि त्याने ठेवला होता तसा उघडा हात मोज्यावर ठेवला.

बर्फासारखा गार. बोटांना चिकटला.

दोन सीझन मी तो मोजा रोज काढून आणला, पण हातमोजे घालूनच. खांबावर तो इतक्यात असा गार होतो, हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. चाळीस वर्षं बर्फात काढलेल्या माणसाने त्या दिवशी त्या मोज्यावर हात ठेवला, तेव्हा तो मोजा माझ्या खिशातून नुकताच आलेला, उबदार होता. तो पडल्यानंतर लावलाय, हे हाताला कळलं असणारच. डोळे गेले म्हणून त्याने पट्ट्या सोडल्या नव्हत्या. बाल्कनीतला तो प्रश्नही डोळ्यांबद्दलचा नव्हता. आणि ज्या दिवसापासून त्याने माझं नाव घ्यायला सुरुवात केली, त्या दिवसापासून तो सगळं जाणून होता. त्याने मला माफ केलं होतं, की नाव घेऊन रोज थोडं थोडं मारत होता, ते सांगायला तो नाही. मीही विचारलं नसतं.

पट्ट्या घरी दाराआड उभ्या आहेत. रविवारी मी अजून त्यांना मेण लावते आणि खरवडते. हॉलमध्ये प्रत्येक बॅचच्या आधी मोजा तिसऱ्या खांबावर लावते. नवी मुलगी म्हणते, "मौसी, ये किसके लिए? मुझे तो दिखता है." मी म्हणते, राहू दे. ती वर जाते, मी काचेच्या दाराशी उभी राहते. वरून हाक येत नाही. ती छान वळते, अर्ध्या उतारावर मान पुढे न करता.