नदी डोंगराकडे निघाली

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. आमच्या सासुरवाडीत मला ओळखत नाहीत असे लोक आहेत, पण हा किस्सा माहीत नाही असं कुणी नाही.

मी मूळचा जतचा. बोईसरच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासू-सासरे, म्हणजे आमचे मामा-मामी, पहिल्यांदाच आले होते, आणि दोघांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. असे श्रोते मिळाल्यावर भूगोलाचा मास्तर गप्प बसेल का? सगळ्यांना गाडीत घातलं आणि केळव्याकडे निघालो.

वाटेत खाडी लागली. मी तिला नदीच समजलो. बांधावर चटई टाकून डबे उघडले. मला एका जागी बसवत नाही, तेव्हा भाकरी हातात धरून उभ्याउभ्याच सुरू झालो. मामा, इकडच्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात, उतार तीव्र, समुद्र जवळ, त्यामुळे धावतच पश्चिमेला जातात…

मामांनी शांतपणे विचारलं, "मग हे पाणी डोंगराकडं का निघालंय?"

मी वळून पाहिलं. नारळाची एक झावळी ऐटीत पूर्वेला चालली होती. पावसाचा थेंब नाही, आणि पाणी बघता बघता बांधाच्या दगडांवर चढत होतं.

आता भरती-ओहोटी मी शिकवतो हो, फळ्यावर चंद्रबिंद्र काढून. पण त्या फळ्यावर खाडी कधी काढली नव्हती. डोक्यात एकच शब्द पेटला: त्सुनामी.

"उठा, समुद्र आत आलाय," मी म्हटलं. मामींचे गुडघे दुखतात, त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. बायको म्हणत होती, रस्त्यावरचे लोक निवांत आहेत, कुणाला तरी विचारूया. पण विचारायला थांबेल तो मी कसला?

जरा पुढे रस्त्याच्या खाली मोकळं, सपाट, भेगाळलेलं रान दिसलं. थेट आमच्या गावच्या आटलेल्या तळ्यासारखं. बघूनच धीर आला. गाडी मधोमध नेऊन उभी केली आणि म्हटलं, आता काळजी नाही.

थोड्या वेळानं त्या भेगांतून पाणी वर आलं. चारी बाजूंनी. गाडी काढायला गेलो तर चाकं जागीच फिरून चिखलात बसली. मामींनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

रस्त्यानं टोपली घेऊन एक कोळीण चालली होती. ती थांबली. "भाऊ, खाजणात गाडी कशाला घातली? भरती हाय."

मी काच खाली करून विचारलं, "म्हणजे त्सुनामी नाही?"

तिनं जरा आठवून पाहिलं. "तसं कोण आमच्या गावात नाय."

मग तिनंच समजावलं की आज पुनव, पाणी मोठं. मगाशी आम्ही बसलो होतो तो बांध कधी बुडत नाही. बुडतं ते हे खाजण. गावातून ट्रॅक्टर पाठवते म्हणाली आणि निघून गेली.

ट्रॅक्टर येईपर्यंत चौघंही सीटवर मांडी घालून बसलो. खाली चपला तरंगत होत्या. बायको माझ्याकडे बघत नव्हती. तेवढ्यात मामांचा फोन वाजला. गावाकडून त्यांचा भाऊ विचारत होता, जावयानं समुद्र दाखवला का?

"दाखवला की," मामा म्हणाले. "गाडीतनं उतरायचा त्राससुद्धा दिला नाही. आतच आणून दिला."