तिनं काढलेले काठ

रंगवलेल्या सुताचा वास आला, की ती संध्याकाळ आठवते. बायको आणि मी अंगणात सूत वाळत घालत होतो. ती सोलापुरातल्या बड्या व्यापाऱ्याची लेक. लुगड्यांचे काठ ती कागदावर काढायची, मी मागावर विणायचो. माझ्यासारख्या विणकराशी लग्न केलं, त्यापायी माहेरानं तिला तोडलं.

"हा डाळिंबी लई भडक झाला," मी म्हणालो.

"तुमी विणा की गुमान. रंगातलं मला कळतं," ती हसली.

दिवेलागणीला छातीत कळ आली आणि ती गेली.

सकाळी तिचा भाऊ रेशमी शालू घेऊन आला. सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचंच नेसवतात.

"दाजी, आता तरी नेसू द्या," तो रडत म्हणाला.

"जिती होती तवा कुटं होता?"

तेव्हा त्याचं रडणं मला ढोंग वाटलं, आता वाटत नाही. पण मी शालू परत दिला आणि तिनं काठ काढलेलं सुती लुगडं बायकांच्या हाती दिलं.